माशांच्या काचेच्या टाकीला भोक पाडताय? आधी काच ओळखा

ड्रिल हातात घेण्याआधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना, ते बघ. टफन्ड काचेला भोक पडतच नाही. बिट टेकलं की अख्खी काच खडीसाखरेसारखी विखुरते. पुष्कळ टाक्यांचा फक्त तळ टफन्ड असतो, त्यामुळे एक बाजू तपासून निर्धास्त होऊ नकोस. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन काचेमागे धर आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघ. गडद पट्टे किंवा ठिपके दिसले, तर तो नाद सोड.

बिट डायमंड होल सॉच हवं, म्हणजे कडेला हिऱ्याची कणी असलेलं, गोल चकती कापणारं. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी आत ठेव. मागून टेप चिकटव, म्हणजे सुटलेली चकती खाली आपटणार नाही. ड्रिल बॅटरीवरचं घे. पाण्याशेजारी वायरचं ड्रिल मला तरी नको वाटतं.

सुरुवातीला बिट तिरकं धरून चंद्रकोरीसारखी खाच पाड, मग हळूहळू सरळ कर. वेग कमी, पाणी सतत. दाब जवळजवळ नाहीच, ड्रिलचं वजन पुरे. पांढरट गाळ वाहत राहिला की समजायचं, काम नीट चाललंय. पाच-दहा मिनिटं लागली तर लागू देत.

माझी पहिली टाकी शेवटच्या मिलिमीटरला तडकली. आरपार जायची घाई झाली आणि नकळत हात जड पडला. आता आवाज बदलला की मी ड्रिल जवळजवळ उचलूनच धरतो.

चष्मा घाल. कोरडी धूळ उडू देऊ नकोस, ती फुप्फुसात जाते.