अमेरिकेत असोसिएट डिग्रीवर (दोन वर्षांची पदवी) आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, झाले आहे, नोकरीही चालू आहे. आता बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स पदवी, करावं का?

करा, आणि फार लांबवू नका. परवाना तोच राहतो, कारण एनक्लेक्स-आरएन परीक्षा दोन्ही पदव्यांना एकच असते. फरक पडतो तो पुढच्या वाटांमध्ये. मॅग्नेट मान्यता (उत्तम नर्सिंग सेवेसाठी दिली जाणारी) असलेल्या रुग्णालयांत नर्स मॅनेजरला किमान बॅचलर्स लागते. न्यूयॉर्क राज्याने तर 2017 साली कायदाच केला: नव्या आरएनने 10 वर्षांत ही पदवी मिळवायची.

तुमच्यासाठी 'आरएन टू बीएसएन' अभ्यासक्रम असतो. आधीचे क्रेडिट बरेचसे धरले जातात, त्यामुळे साधारण एक ते दोन वर्षांत होतो आणि बहुतेक ठिकाणी ऑनलाइन. इंजेक्शन, ड्रेसिंग पुन्हा शिकवत नाहीत. संशोधन वाचणं, सामुदायिक आरोग्य, नेतृत्व, संख्याशास्त्र यांवर भर असतो. रात्रपाळी करून आल्यावर एपीए पद्धतीने (संदर्भ देण्याची ठरलेली रीत) निबंध लिहायचा म्हणजे खरंच कस लागतो, म्हणून पहिल्या सत्रात एक-दोनच विषय घ्या.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन अशा, नर्सिंगचं शिक्षण तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे ना, हे नक्की बघा. नसेल तर पुढे मास्टर्सला अडू शकतं. 'पूर्ण ऑनलाइन' लिहिलेलं असलं तरी सामुदायिक आरोग्याचे प्रात्यक्षिक तास आहेत का, ते विचारा. असतील तर जागा कोण शोधून देणार, हेही.

फी भरण्याआधी एचआरला भेटा. मालकाने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. मात्र बदल्यात किती काळ तिथेच नोकरी करावी लागेल, ते सही करण्याआधी वाचा.