फ्रँकलिन घे, पण पतंग सोडून दे

बाळ,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, लगेच उत्तर टाइप करायला पण घेतलं होतं, पण मोबाईलवर माझं बोट एका वेळी दोन दोन अक्षरं दाबतं, म्हणून आज पुतण्याचा लॅपटॉप घेऊन बसलोय, लांबलं तर वैतागू नकोस. कम्युनिकेशनच्या क्लासात पाच मिनिटं बोलायचंय, विषय आवडता फाउंडिंग फादर, म्हणजे अमेरिका देश उभा करणाऱ्यांपैकी एक, आणि तू विचारतेस, "काका, सगळे हॅमिल्टन नाहीतर वॉशिंग्टन घेणारेत, मी कोणाला घेऊ, सेफ कोण आहे?"

सेफ कोणीच नाहीये बघ. वॉशिंग्टन घेतलास की त्याच्या माउंट व्हर्ननच्या जमीनजुमल्यावरचे गुलाम आलेच, मृत्युपत्रात त्याने आपल्या मालकीच्या गुलामांना मोकळं करायचं लिहिलं हे खरं, पण स्वतः जिवंत असेपर्यंत नाही. जेफरसनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' लिहिलं आणि आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. जॉन अ‍ॅडम्सने गुलाम कधीच ठेवले नाहीत, तो मला दोन नंबरला आवडतो, पण अध्यक्ष असताना १७९८ ला सरकारवर टीका करणाऱ्या पेपरवाल्यांना आत टाकता येईल अशा कायद्यावर सही करून बसला, आणि मी पडलो छापखानेवाला, मला ते पचत नाही.

मी असतो तर बेंजामिन फ्रँकलिन घेतला असता, आणि तू तर फिलाडेल्फियातच राहतेस. पण पतंगापासून सुरुवात करू नकोस हं. वादळात पतंग उडवून केलेला विजेचा प्रयोग, शंभर डॉलरच्या नोटेवरचा चेहरा, हे सगळं वर्गातल्या पोरांना बालवाडीपासून पाठ असणार. आणि इंटरनेटवर त्याच्या नावाने फिरणारे सुविचार तर अजिबात घेऊ नकोस, त्यातले निम्मे त्याने म्हटलेलेच नसतात.

मला तो आवडतो कारण तो आमच्या धंद्यातला माणूस. बापाचा साबण-मेणबत्त्यांचा धंदा, शाळा जेमतेम दोन वर्षं, बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या प्रेसमध्ये उमेदवारी, सतराव्या वर्षी तिथून पळून १७२३ ला तुझ्या गावात, मार्केट स्ट्रीटच्या धक्क्यावर उतरला. दोन काखांत दोन मोठे पाव आणि तिसरा खात चाललेला, आणि एका दारात उभी असलेली मुलगी त्याचा तो अवतार बघत होती, तीच पुढे बायको झाली. नंतर हा माणूस फ्रान्सच्या राजाच्या दरबारात अमेरिकेचा राजदूत म्हणून राहिला, पेनसिल्व्हेनिया राज्याचा प्रमुख झाला, पण मृत्युपत्राची पहिली ओळ काय, तर मी बेंजामिन फ्रँकलिन, फिलाडेल्फियाचा, मुद्रक. बाकीची पदं त्याच्या नंतर. हे वाचलं तेव्हा मी चहा ठेवून दिला होता खाली.

आता मुद्द्याचं. तुला आठवतं का, आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी एक पान असायचं, शुद्धिपत्र, पान अमुक ओळ तमुक, अशुद्ध-शुद्ध असे दोन रकाने. इंग्रजी छपाईत त्याला इराटा म्हणतात. फ्रँकलिनने आत्मचरित्रात स्वतःच्या आयुष्यातल्या चुकांना हाच शब्द वापरलाय. भावाला सोडून पळालो, इराटा. दुसऱ्याचे विश्वासाने ठेवलेले पैसे वापरून टाकले, इराटा. लंडनला गेलो आणि त्या दारातल्या मुलीला एकच पत्र धाडलं, इराटा. पाप नाही म्हणत, नशीब पण नाही म्हणत, छपाईची चूक म्हणतो, म्हणजे खिळा, छपाईचं शिशाचं अक्षर, माझ्या हातानेच लागला आणि पुढच्या आवृत्तीत तो बदलायचा पण मीच.

एक प्रसंग मात्र नक्की सांग. १७३६ ला त्याचा चार वर्षांचा मुलगा देवीच्या रोगाने गेला. फ्रँकलिन देवी टोचून घेण्याच्या बाजूचा, पण पोरगं आधीच आजारी होतं म्हणून टोचायचं राहून गेलं. गावात उठलं की टोचल्यामुळेच मेलं. तर या माणसाने स्वतःच्या पेपरात खुलासा छापला, की नाही, त्याला टोचलेलंच नव्हतं, देवी नेहमीसारख्या येऊन गेला. मी किती तरी श्राद्धाची, दशक्रियेची पत्रकं छापलीत, दुसऱ्यांची, तरी हात जड व्हायचा, आणि इथे बाप स्वतःच्या पोराच्या बाबतीत खुलासा छापतोय, कशासाठी तर दुसऱ्याच्या पोरांना लोकांनी घाबरून टोचायचं थांबवू नये म्हणून.

पण सगळ्यात मोठी चूक त्याच्या त्या यादीत नाहीये, आणि तू तिथेच थांबायचंस. त्याच्या घरी गुलाम होते. त्याच्या पेपरात गुलाम विकायच्या, पळालेल्या गुलामांच्या जाहिराती यायच्या, पैसे घेऊन छापलेल्या. हे तू स्वतः आधी सांग, समोरच्याने हात वर करून विचारायच्या आत. मग सांग की १७६३ ला तो काळ्या मुलांच्या शाळेत गेला, मुलं शिकताना बघितली आणि परत येऊन लिहिलं की यांच्या बुद्धीबद्दलचं माझं मत आधीपेक्षा चांगलं झालं. म्हणजे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. १७८७ ला गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, त्याच साली त्याने ज्या राज्यघटनेवर सही केली तिच्यात १८०८ पर्यंत गुलामांच्या व्यापाराला हात लावायचा नाही असं कलम होतं, हेही लपवू नकोस. आणि फेब्रुवारी १७९० ला, वय ८४, आजारी, त्याने सही केलेला अर्ज काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, गेला की गुलामगिरी बंद करा. काँग्रेसने आपल्याला तो अधिकार नाही म्हणून हात झटकले. एप्रिलमध्ये म्हातारा गेला.

उशीर झाला का? झालाच. मी त्याला सूट देत नाहीये. पण त्या वयात माणसं आपलं म्हणणं बरोबर होतं हेच सिद्ध करत बसतात, मी आमच्या कट्ट्यावर रोज बघतो, मी पण त्यातलाच.

आणि एक चूक त्याने दुरुस्त केलीच नाही. आत्मचरित्राचा पहिला भाग मुलाला लिहिलेल्या पत्रासारखा सुरू होतो, तो मुलगा विल्यम, न्यू जर्सीचा गव्हर्नर, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने राहिला, १७७६ ला अटक झाली. लढाई संपल्यावर मुलाने हात पुढे केला, बापाने मनापासून घेतला नाही, मृत्युपत्रात पण जवळजवळ काही ठेवलं नाही. जगाशी तह करणारा माणूस, घरात जमलं नाही. वेळ उरला तर हे सांग, नाहीतर राहू दे.

जाता जाता, आपल्याकडचा धागा हवा असेल तर आहे. १७७४ ला लंडनमध्ये एका फाटक्या माणसाला फ्रँकलिनने शिफारसपत्र देऊन फिलाडेल्फियाला धाडलं, तो टॉमस पेन. त्याच पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक पुण्यात आपल्या जोतिराव फुल्यांनी वाचलं, आणि १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना आहे. पण बळंच घुसवू नकोस, पाच मिनिटं आहेत.

मला हे शुद्धिपत्र एवढं का लागलं ते पण सांगतो. एकदा लग्नपत्रिकेचं काम होतं, आधीच्या पत्रिकेचा फर्मा, म्हणजे जुळवलेला मजकूर, तसाच बांधलेला होता, मी घाईत त्यातली तारीख बदलली आणि वार तसाच राहिला. प्रूफ मीच वाचलं होतं. ३०० पत्रिका छापून गेल्या, दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप दारात, आणि मी काय केलं, तर खिळे जुळवणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं. तो काही बोलला नाही, खाली मान घालून केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत, खिळे परत टाकत राहिला. रात्रभर पायाने चालवायचं ट्रेडल मशीन मारून नव्या छापून दिल्या, पैसे घेतले नाहीत, पण त्या पोराला मात्र मी कधीच काही म्हणालो नाही. फ्रँकलिन वाचल्यावर, म्हणजे बावीसेक वर्षांनी, त्याचा नंबर शोधून फोन केला. तो म्हणाला, मालक, मला आठवत पण नाही. आठवत होतं त्याला.

असो. रविवारी मार्केट स्ट्रीटला जा, फ्रँकलिनच्या घराच्या जागेवर नुसता लोखंडी सांगाडा उभा केलाय, त्याच्याजवळच जुन्या पद्धतीचा छापखाना आहे, पार्कवाले हाताने छापून दाखवतात. खिळे ठेवायची केस कशी लावलीय त्याचा फोटो काढून पाठव, आपल्या मराठी केसपेक्षा किती सुटसुटीत असणार ती, बघायचंय मला. आणि तू सहावीत असताना माझ्या केसमधून 'क्ष'चे जे तीन खिळे खिशात घालून नेले होतेस ते येताना घेऊन ये, मला माहीत होतं.

तुझा काका