गावाशेजारी गॅस प्रक्रिया प्रकल्प येतोय, जनसुनावणीत नेमकं काय मागावं?

तुमचं गाव कोकणात खाडीकाठी आहे, जनसुनावणी पुढच्या महिन्यात आहे आणि लोक ‘विरोध की पाठिंबा’ यावरच भांडतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच एका प्रकल्पात बरीच वर्षं गळती शोधायचं काम केलंय. त्या अनुभवावरून सांगतो.

गावाची नजर फ्लेअरच्या, म्हणजे नको असलेला गॅस जाळणाऱ्या उंच चिमणीच्या, ज्वाळेवर असते. पण न जळता सुटलेला मिथेन, म्हणजे या गॅसचा मुख्य घटक, वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट हवामान तापवतो, त्यामुळे विझलेला फ्लेअर जास्त वाईट. काळा धूर दिसला तर मात्र गॅस नीट जळत नाहीये. रोजच्या कामात किती गॅस जाळणार आणि तो परत वापरात घ्यायची सोय आहे का, हे विचारा.

खरी गळती गुपचूप होते. व्हॉल्व्ह, फ्लँज, कॉम्प्रेसरचे सील असे हजारो सांधे असतात. साबणाचं पाणी मारलं की बोल्टाशेजारी मोहरीएवढे बुडबुडे फुगायला लागतात, तेवढंच दिसतं. एका व्हॉल्व्हची गळती मी तीनदा वहीत लिहिली, तिन्ही वेळा दुरुस्ती पुढच्या शटडाउनवर, म्हणजे प्रकल्प देखभालीसाठी बंद ठेवतात तेव्हावर, ढकलली गेली. तितके महिने तो गॅस हवेत जात राहिला आणि मी तिसऱ्या नोंदीपुढे गेलो नाही, हे मला आजही सलतं. म्हणून मागा: तपासणी किती महिन्यांनी, गळती सापडल्यावर किती दिवसांत दुरुस्ती, आणि ती वही ग्रामपंचायतीला बघायला मिळणार का.

येणारा गॅस ‘सावर’, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मिसळलेला, आहे का, हेही विचाराच. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसईन क्षेत्राचा तसा गॅस गुजरातेत सुरतजवळ हजिऱ्याला जातो आणि तिथे त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढला जातो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेत दहा लाखांत शंभरेक भाग झाले की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो. हा वायू हवेपेक्षा जड, सखल भागात साचतो. भोंगा कुठे बसणार आणि वाजल्यावर कुठल्या बाजूला पळायचं, याची तालीम गावासोबत व्हायला हवी. तुमच्याकडे दिवसा खारे वारे, रात्री मतलई, म्हणून हवा मोजायची यंत्रं दोन्ही दिशांना मागा.

प्रकल्पाआधीची हवापाण्याची मोजणी बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामात करतात. तुमच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असं दोनदा काम सुरू होण्याआधी तपासून घ्या. नंतर तक्रार करताना तेच कागद हातात लागतील.

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघायला हवी आणि प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. मागण्या लेखी द्या, पोच घ्या. सुनावणी संपताना झालेल्या चर्चेचा सारांश लोकांना मराठीत वाचून दाखवतात. तोवर बरेच जण घरी गेलेले असतात. तुम्ही थांबा. आपली मागणी त्यात आली नसेल, तर तिथेच उभं राहून नोंदवायला लावा.