कॉलबॅक फक्त ३२-बिट विंडोजवरच क्रॅश होतोय, लिनक्सवर नाही, हे कॉलिंग कन्व्हेन्शनमुळे असेल का?

तुम्ही सांगताय की लिनक्सवर चालतं, ६४-बिट विंडोजवरही चालतं, फक्त ३२-बिट विंडोजवर पडतं, मग आधी कॉलिंग कन्व्हेन्शनच बघा, म्हणजे फंक्शन बोलवताना आर्ग्युमेंट कुठे ठेवायचे आणि नंतर ते कोणी काढायचे याचा नियम.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी सुताचे कोन वजन करायचं सॉफ्टवेअर केलेलं, काट्यासोबत आलेली डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) ३२-बिट होती आणि वजन आलं की ती आपलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, बोलवायची. तिला हवं होतं एसटीडीकॉल, माझं फंक्शन साधं सीडेक्ल, ही दोन वेगळी कन्व्हेन्शन. एसटीडीकॉलमध्ये स्टॅकवरचे (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतले) आर्ग्युमेंट ज्याला बोलवलं त्याने काढायचे, सीडेक्लमध्ये बोलवणाऱ्याने. इथे कोणीच काढले नाहीत, दोन इंट म्हणजे दर वजनाला ८ बाइट तसेच पडून. आणि हे लगेच कळतच नाही हो, डीएलएलमधलं फंक्शन ईबीपी या प्रोसेसरच्या रजिस्टरवरून स्टॅक परत जागेवर आणत असेल तर ते परत येतं पण सेव्ह केलेले रजिस्टर चुकीच्या जागेवरून पॉप होतात आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसतो. कंपायलरने मला एरर दिलेली, मी फंक्शन पॉइंटर कास्ट करून, म्हणजे त्याचा टाइप जबरदस्तीने बदलून, ती गप्प केली, दोन दिवस त्यातच गेले. तुमच्या कोडमध्ये असा कास्ट असेल तर आज काढा.

प्रत्येक फंक्शनसमोर हाताने लिहू नका, एका हेडरमध्ये मॅक्रो करा, विंडोजवर एसटीडीकॉल, बाकीकडे रिकामा, आणि तो कॉलबॅकच्या टाइपडेफमध्येही पाहिजेच, लोक तिथेच विसरतात. ६४-बिट विंडोजवर कंपायलर एसटीडीकॉल हा शब्द वाचून सोडून देतो म्हणून तिथे तुमचं चालतंय. रस्ट असेल तर एक्स्टर्न सिस्टम हेच काम करतं, पायथनच्या सीटाइप्समध्ये सीडीएलएलऐवजी विनडीएलएल, कॉलबॅकला विनफंकटाइप.

असेंब्ली हाताने लिहिणार असाल तरच ६४-बिटचा फरक अंगावर येतो, विंडोजवर पहिले चार आर्ग्युमेंट आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरमध्ये आणि शिवाय स्टॅकवर ३२ बाइट जागा सोडायची, लिनक्सवर पहिले सहा रजिस्टरमध्ये, सुरुवात आरडीआय, आरएसआयपासून. लाँग हा टाइप मात्र सगळ्यांनीच टाळा, ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइट आणि विंडोजवर ४.

डीएलएलचं हेडर नसेल तर डंपबिन या टूलने एक्सपोर्टची (डीएलएलने बाहेर दिलेल्या फंक्शनची) नावं बघा, नावाच्या शेवटी ॲट आणि ८ असं काही दिसलं तर ते बहुधा एसटीडीकॉल, आर्ग्युमेंट ८ बाइटचे. नाव साधंच असेल तर त्यावरून ठरवू नका, डिसअसेंब्लीत शेवटचं रेट (फंक्शनमधून परतायची सूचना) बघा, रेट ८ दिसलं की फंक्शन स्वतःच ८ बाइट काढतंय, म्हणजे बहुधा एसटीडीकॉल.