वानखेडेवर पहिल्यांदा जाताय ना?

बाळा, तू आणि तुझा मित्र कणकवलीहून शुक्रवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघा. पहाटे मुंबईत उतराल. आराम करायला नातेवाईकाचं घर आधीच विचारून ठेव, कारण सामना संध्याकाळी साडेसातचा.

परतीचं तिकीट मात्र नीट बघून काढ. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि तेव्हा शेवटची षटकं चालू असतात. ती गाठायची म्हणून मी एकदा अठराव्या षटकाला उठलो. जिन्यात असताना मागून जो आवाज उठला, तो अजून कानात आहे. त्यापेक्षा रविवारी सकाळची मांडवी धरा.

पाठीवरची बॅग, पॉवर बँक, पाण्याची बाटली घरीच ठेवा, गेटवर आत सोडत नाहीत. चर्चगेटला उतरून चालतच जा, आणि दोन तास आधी. खेळाडू सराव करत असतात तेव्हा सीमारेषेजवळ उभे राहा. चेंडू बॅटवर बसल्याचा तो कोरडा ठक्क आवाज टीव्हीवर तसा कधीच ऐकू येत नाही. आणि 2011 चा विश्वचषक आपण जिंकला तो याच मैदानावर, तेव्हा खेळपट्टीकडे जरा डोळे भरून बघ.