शालीखालचा गणवेश

दुबईतील माझ्या समुपदेशन कक्षात सप्टेंबर उजाडला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारे बहुतेक जण फिलिपिनो असतात. "सण जवळ येऊ लागला की आनंद होण्याऐवजी मला धडकी का भरते?" फिलिपिन्समध्ये नाताळचा हंगाम ‘बर’ने संपणाऱ्या चार महिन्यांचा मानतात: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर. सप्टेंबर लागताच दुकानांत नाताळची गाणी वाजू लागतात आणि हळूहळू घरोघरी ‘पारोल’ टांगले जातात. पारोल म्हणजे बांबूच्या कामट्या आणि कागद यांपासून केलेला चांदणीच्या आकाराचा कंदील, आपल्या आकाशकंदिलाचा भाऊ शोभेल असा. दिवाळीच्या तोंडावर मराठी माणसेही मला हाच प्रश्न विचारतात, परंतु त्यांची धडकी दोन-तीन आठवड्यांत ओसरते. फिलिपिनो माणसाला ती वर्षाचा एक तृतीयांश भाग वागवावी लागते.

मी येथे जिची हकीकत सांगणार आहे तिला आपण लिगाया म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि तीन-चार महिन्यांची सत्रे थोडक्यात मांडली आहेत. वय चौतीस, मूळ गाव मनिलाच्या दक्षिणेला लगुना प्रांतात, नोकरी एका हॉटेलच्या भोजनगृहात. तिची धाकटी भावंडे तिला ‘आते’ म्हणतात. तगालोग भाषेत त्याचा अर्थ थोरली बहीण, पण माझ्या मराठी कानाला प्रत्येक वेळी त्यात आत्याच ऐकू येई, आणि आपल्याकडे सणाला आत्याकडून जेवढ्या अपेक्षा असतात तेवढ्याच या ‘आते’कडूनही होत्या.

पहिल्या भेटीत ती जवळजवळ पाऊण तास फक्त खोक्याबद्दल बोलली. परदेशात राबणारा फिलिपिनो माणूस घरी जे मोठे पुठ्ठ्याचे खोके पाठवतो त्याला ‘बालिकबायान बॉक्स’ म्हणतात. ते जहाजाने जाते, त्याचे भाडे बहुधा वजनावर नसून आकारावर ठरते, म्हणून त्यात साबण, कॉफी, चॉकलेटे, डबाबंद मांस, टॉवेल असे काय काय ठासून भरले जाते. समुद्रमार्गे कित्येक आठवडे लागत असल्यामुळे नाताळला पोहोचायचे तर ते ऑक्टोबरच्या सुमारास निघावे लागते. तिने सहा वर्षे सर्वांत मोठे खोके पाठवले होते. त्यातच मायदेशी 1975 पासूनच्या कायद्याने नोकरदारांना 24 डिसेंबरपर्यंत तेराव्या महिन्याचा पगार मिळतो. साहजिकच डिसेंबरमध्ये सर्वांच्याच हाती पैसा खेळतो, असे घरच्यांनी गृहीत धरलेले. दुबईत कायद्याने असा तेरावा महिना मिळत नाही आणि तिच्या हॉटेलातही तो नव्हता. हे तिने घरी कधी सांगितले नव्हते.

"पाठवले पाहिजेच, मॅम," ती म्हणाली. "मी परदेशात आहे ना."

माझी घडण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे मनातले हट्टी विचार तर्काने तपासून पाहण्याच्या पद्धतीत झाली आहे, त्यामुळे ‘पाहिजेच’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. पाठवायला आवडेल आणि पाठवलेच पाहिजे, या दोन वाक्यांत माणसाचे सारे मनःस्वास्थ्य दडलेले असते, असे मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठामपणे म्हणू शकते. पहिल्या वाक्यात प्रेम असते. दुसऱ्यात एक अदृश्य वसुली अधिकारी दाराशी उभा असतो. तेव्हा मी सुरुवातीस त्याच वाटेने गेले, खर्चाचा हिशेब मांडला, न पाठवल्यास नेमके काय होईल ते विचारले. तिला सर्व पटले. झोप मात्र सुधारली नाही. म्हणजे मी योग्य वहीचे चुकीचे पान उघडले होते.

चौथ्या की पाचव्या भेटीत ती एकदम म्हणाली, "सहा वर्षांत मला एकानेही विचारलेले नाही की आज तू काय खाल्लेस."

‘नोचे बुएना’ म्हणजे 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीचे सहभोजन हा फिलिपिनो नाताळचा गाभा आहे. हॅम, लाल मेणाच्या आवरणातला चीजचा गोळा, घट्ट गोड दुधात कालवलेले फळांचे सॅलड असे सर्व टेबलावर मांडून कुटुंब मध्यरात्री जेवायला बसते. मनिलाचे घड्याळ दुबईच्या चार तास पुढे असते, म्हणून तिथे बारा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे आठच वाजलेले असतात, आणि त्या वेळी लिगाया हॉटेलातील पाहुण्यांच्या ताटांत नाताळचे जेवण वाढत असते. पंधरा मिनिटांची सुट्टी घेऊन ती कर्मचाऱ्यांच्या जिन्यात बसे आणि व्हिडिओ कॉलवर खोके उघडताना पाही.

"तेव्हा तू त्यांना कशी दिसतेस?" मी विचारले. प्रश्न साधाच होता, पण तो माझ्या तोंडून अगदी वेळेवर निघाला.

"छान दिसते. मी लाल शाल घेते."

"जिन्यात थंडी असते?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. हातातल्या कागदी रुमालाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मग म्हणाली, "गणवेश दिसू नये म्हणून. आईला मी सांगितले आहे की हॉटेल आम्हालाही मेजवानी देते. मागच्या वर्षी मी खिशातला पाव खाल्ला, तोही फोन ठेवल्यावर."

समुपदेशकाने अशा वेळी घाई करायची नसते हे मी नवोदितांना नेहमी सांगते, आणि ते मला त्या दिवशी जमले. रुमालाची घडी थांबेपर्यंत मी थांबले. नंतर एवढेच विचारले, "जो गणवेश त्यांना दिसतच नाही, त्याची विचारपूस त्यांनी कशी करावी?"

घरचे आप्पलपोटे आहेत अशी तक्रार घेऊन ती आली होती, आणि तिने ज्यांना काही कळूच दिले नव्हते ती हीच माणसे होती. ही माझ्या दृष्टीने त्या सगळ्या सत्रांची किल्ली. परदेशी गेलेला माणूस सणाच्या विरहाने झुरतो असे आपण समजतो. माझा अनुभव असा की विरह तो पचवतो. त्याला पोखरते ती सुखी असल्याची बतावणी. ती जितकी यशस्वी होते तितका तो एकटा पडतो, कारण मिळणारे प्रेम शालीला मिळत असते आणि आतला गणवेश कोरडाच राहतो.

"सांगितले तर आई रडेल," ती म्हणाली.

"रडेल. मग?"

"सण बिघडेल."

"किती वाजेपर्यंत?"

ती हसली. सहा आठवड्यांतले ते तिचे पहिले हसू होते.

अशी चिंता असणाऱ्यांना माझे सांगणे असे की खरे सांगायचे असेल तर सणाच्या दिवशी सांगू नये, महिना-दीड महिना आधी सांगावे, म्हणजे रडायला, रागवायला आणि सावरायला दोन्ही बाजूंना वेळ मिळतो. सांगताना ‘तुमच्यासाठी मी काय काय सोसले’ हा सूर टाळावा, कारण त्याने ऐकणारा ऋणको होतो, आणि फिलिपिनो मनात ‘उतांग ना लोओब’ म्हणजे अंतरीच्या उपकाराचे ऋण आधीच भारी असते. पैशाचा आकडा सप्टेंबरमध्येच ठरवून घरी कळवावा. कुरकुर होईल, ती ऐकून घ्यावी, तिचे खंडन करीत बसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सणाचे प्रेक्षक होऊ नये. सण अंगमेहनतीने अंगात भिनतो. फराळ नुसता कुरिअरने मागवणाऱ्या मराठी माणसापेक्षा भाड्याच्या खोलीत चकल्या पाडत बसलेला माणूस दिवाळी अधिक साजरी करतो, हे मी दुबईच्या करामा भागात अनेक घरांत पाहिले आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक हरवली असेल, किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे.

लिगायाने नोव्हेंबरच्या आरंभी आईला सांगितले. चित्रपटात होते तसे काहीच झाले नाही. धाकटा भाऊ चिडला, "तू आम्हाला इतकी वर्षे मूर्ख बनवलेस" म्हणाला आणि आठवडाभर बोलला नाही. आई रडली खरी, पण तिची पहिली काळजी वेगळीच होती: हॉटेलातल्या मेजवानीचे वर्णन तिने सगळ्या आळीत केले होते, आता ते परत कसे घ्यायचे? खोके त्या वर्षी मध्यम आकाराचे गेले होते आणि एका मावशीने चॉकलेटे कमी असल्याचे बोलूनही दाखवले. लिगायाने मला हे सांगितले तेव्हा तिचा आवाज जराही कापत नव्हता, याची मी मनोमन नोंद घेतली.

16 ते 24 डिसेंबर या नऊ दिवसांच्या ‘सिंबांग गाबी’ प्रार्थना मायदेशी पहाटे होतात. दुबईत ऊद मेथाच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्या सायंकाळी होतात आणि आवारात गर्दी मावत नाही. नऊच्या नऊ पूर्ण केल्यास मनातली इच्छा फळते अशी श्रद्धा आहे. पाळ्यांमुळे लिगायाला तीनच साधल्या, आणि त्याबद्दल हळहळ वाटली तरी अपराधी वाटले नाही, असे ती म्हणाली. 24 तारखेला तिची पाळी तीनला सुरू होणार होती. दुपारी बाराला, म्हणजे लगुनातल्या चार वाजता, तिने भावाला फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायला सांगितला आणि दीड तास बहिणीवर डाफरत फळांचे सॅलड करवून घेतले. दूध आधी ओतायचे नाही, रस निथळू दे, सफरचंद याहून बारीक चीर. इकडे तिने खोलीतल्या मैत्रिणीबरोबर तेच सॅलड केले आणि डब्यात भरून कामावर नेले.

रात्री आठ वाजता ती जिन्यात बसली, शाल न घेता. पडद्यावर टेबल, टेबलाभोवती सगळी, मधे मध्यम आकाराचे खोके अजून बंद. तिने डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. आईने डब्याकडे पाहिलेच नाही. ती पडद्याच्या अगदी जवळ आली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "कॉलर वाकडी झाली आहे तुझी. आधी ती नीट कर."