एमआर म्हणतं, या फाइलवर विश्वास नाही

प्रश्न: आमच्या ऑफिसात पंधराएक गिट रिपॉझिटरीज (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारे फोल्डर) आहेत. सगळ्या एका कमांडने अपडेट व्हाव्यात म्हणून मायरेपोज, म्हणजे एमआर, हे टूल घेतलं. टीम लीडनी दिलेली डॉट एमआरकॉन्फिग, म्हणजे त्याची सेटिंग्जची फाइल, माझ्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवली, तर एमआर तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. 'डिफॉल्ट' सेक्शनखालची 'अपडेट = गिट पुल --एफएफ-ओन्ली' ही ओळ (सर्व्हरवरचे बदल खाली आणणारी) त्याला खटकते. शेजारचा मित्र म्हणतो, '-टी' लाव, सुटेल. त्याचा एलियास, म्हणजे '-टी' आपोआप लागेल असा कमांडचा शॉर्टकट, करून टाकू का?
– एक वाचक, लोअर परळ

उत्तर: नका करू, हे अगदी आग्रहाने सांगते. या फाइलीत नुसते पत्ते नसतात. 'अपडेट'पुढे जे लिहिलेलं असतं ते शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जसंच्या तसं चालतं, तुमच्याच लॉगिनवर. म्हणून एमआर फक्त होम फोल्डरमधली एमआरकॉन्फिग आपली मानतं. '-टी' लावलंत की कुठल्याही फोल्डरमधल्या फाइलीला मोकळं रान मिळतं, आणि एलियास केलात तर ते रोजचंच झालं.

फाइल उघडा, ओळ न ओळ वाचा. जी कळणार नाही ती टीम लीडना विचारा, त्यात कसला संकोच? मग होममध्ये डॉट एमआरट्रस्ट नावाची फाइल करून त्यात या एमआरकॉन्फिगचा पूर्ण पाथ (फाइल कुठे आहे तो पत्ता) एका ओळीवर लिहा. एवढं पुरे. मात्र तिथे नोंद होते ती पाथची, मजकुराची नाही. उद्या कुणी फाइल बदलली आणि ती पुल होऊन तुमच्याकडे आली, तरी एमआर तिला विश्वासातलीच समजेल. त्यामुळे ही फाइल शेअर्ड रिपॉझिटरीत असेल, तर पुलनंतर तिचा गिट डिफ, म्हणजे काय बदललं ते, बघायची सवय लावाच.

अडलेली ओळ मात्र चांगली आहे, राहू द्या. तुमचे आणि सर्व्हरवरचे कमिट (नोंदवलेले बदल) वेगळ्या वाटांनी गेले असतील, तर नको असलेला मर्ज, म्हणजे दोन्हींची सरमिसळ, न करता पुल तिथेच थांबतो. एमआर ती रिपॉझिटरी फेल धरून पुढच्या करत जातं आणि शेवटी किती ओके, किती फेल ते सांगतं. डिफॉल्ट त्याच्या खालच्या सेक्शनांनाच लागतो, तेव्हा त्याची जागा सगळ्यात वर.

'-जे ५' दिलंत तर पाच रिपॉझिटरीज एकदम होतील. सर्व्हरवर शिरायच्या तुमच्या एसएसएच किल्लीला पासफ्रेज (पासवर्डासारखं वाक्य) असेल तर तो एकदाच द्यावा लागावा म्हणून आधी एसएसएच-ॲड चालवा, नाहीतर पाचही जणी एकाच वेळी तो विचारत बसतील.